विकिपीडियाची स्थित्यंतरे

छापील ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली म्हणून जुनी आवृत्ती नाहीशी होत नाही. नव्या आवृत्तीत मुद्रणदोष राहिले, एखादे प्रकरण गळले किंवा कोणा साहाय्यकाचे नाव वगळले गेले, तरी जुनी प्रत कोठल्या तरी ग्रंथालयाच्या फळीवर असतेच. जिज्ञासू मनुष्य ती काढून दोन्ही ताडून पाहू शकतो. संकेतस्थळाची गोष्ट निराळी आहे. तेथे एका ठिकाणी एकच आवृत्ती उभी असते. ज्या क्षणी नवी रचना तिच्या जागी येते, त्या क्षणी जुनी वाचकाच्या दृष्टीने लोप पावते. म्हणून जुने संकेतस्थळ एका यंत्रणेवरून दुसऱ्या, अधिक नव्या यंत्रणेवर नेणे हे केवळ कारागिरीचे काम राहत नाही. जुन्यातले काय बरोबर घ्यावयाचे आणि काय मागे सोडावयाचे, हा निर्णय त्यात होत असतो, आणि तो पुष्कळदा निर्णय घेणाऱ्याच्याही ध्यानात येत नाही. ह्या विषयाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश होय.

ह्या ज्ञानकोशाचे मूळ दोन प्रवाहांत आहे. अमेरिकेतील वॉर्ड कनिंगहॅम ह्या आज्ञावलीकाराने २५ मार्च १९९५ रोजी एक अभिनव संकेतस्थळ सुरू केले. त्याची पाने वाचणाऱ्याला तेथल्या तेथे दुरुस्त करता येत. 'विकी' हा शब्द त्याने हवाई बेटांच्या भाषेतून घेतला. त्याचा अर्थ जलद असा आहे. दुसरा प्रवाह न्यूपीडिया ह्या कोशाचा. जिमी वेल्स ह्यांनी तो मार्च २००० मध्ये काढला आणि लॅरी सँगर हे त्याचे मुख्य संपादक होते. तेथे तज्ज्ञांकडून लेख लिहवून घेऊन ते परीक्षणाच्या सात पायऱ्यांतून पार करावयाचे, असा शिरस्ता होता. पद्धत निर्दोष होती. परंतु वर्ष संपत आले तरी मोजकेच लेख सिद्ध झाले. तेव्हा पूरक प्रयोग म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया उघडण्यात आला, आणि पाहता पाहता पूरक प्रयोगाने मूळ उपक्रमाला मागे टाकले.

आरंभी त्याकरिता नवी यंत्रणा निर्माण करण्याइतका वेळ किंवा द्रव्य कोणापाशी नव्हते. क्लिफर्ड ॲडम्स ह्यांनी पर्ल भाषेत लिहिलेली यूजमॉडविकी नावाची तयार आज्ञावली होती. तीच घेतली गेली. ती सुटसुटीत होती. प्रत्येक पान साध्या फायलीत साठवावयाचे, एवढाच तिचा कारभार. परंतु तिच्यात दोन उणिवा होत्या. पहिली दुव्यांची. एका पानावरून दुसऱ्या पानावर जाण्याचा दुवा करावयाचा असेल, तर दोन शब्द जोडून लिहावयाचे आणि प्रत्येकाचे आद्याक्षर मोठ्या रोमन लिपीत काढावयाचे, असा जुन्या विकींचा संकेत होता. ज्या विषयाचे नाव एकाच शब्दाचे, त्याची त्यामुळे ओढाताण होई. शिवाय ज्या लिपीत मोठी आणि लहान अक्षरे असा भेदच नाही, त्या लिपीला ह्या संकेताचा काय उपयोग? देवनागरी ही अशीच लिपी आहे. २००१ च्या आरंभीच ॲडम्स ह्यांनी दुहेरी चौकटी कंसांत कोणताही शब्द घालून दुवा करण्याची सोय दिली. आज मराठी विकिपीडियावर जो लेखक दुवा देतो, तो ह्याच कंसांनी देतो. वरवर क्षुल्लक भासणारी ही सुधारणा झाली नसती, तर पुढे मराठीला त्या घरात प्रवेश मिळणे कठीण झाले असते.

दुसरी उणीव अधिक गंभीर होती. यूजमॉडविकी पानाच्या जुन्या आवृत्त्या काही मुदतीपुरत्याच राखीत असे. मुदत उलटली की त्या काढून टाकल्या जात. लहानशा मंडळाच्या टिपणवहीला हा नियम पुरेसा होता. परंतु ज्ञानकोशाला तो परवडणारा नव्हता. विकिपीडियावरील लेखाला एक लेखक नसतो. एकाने वाक्य लिहावे, दुसऱ्याने त्यातले साल सुधारावे, तिसऱ्याने त्याला आधार जोडावा, अशा रीतीने तो लेख घडतो. त्या काळी विकिपीडियाचा मजकूर ज्या मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध होई, त्यातही लेखनाचा इतिहास जपण्याची आणि लेखकांना श्रेय देण्याची अट होती. बहुतेकांना मानधन नाही, मुखपृष्ठावर नाव नाही. अमुक दिवशी अमुक शब्द मी घातला, ही इतिहासातील नोंद एवढाच त्यांचा मोबदला. ती नोंदच जर यंत्रणा फेकून देत असेल, तर ती यंत्रणा बदलावयास हवी, हे उघड होते.

२००१ च्या अखेरीस इंग्रजी विकिपीडियावर सुमारे २०,००० लेख झाले होते आणि फायलींची ती व्यवस्था भाराखाली वाकू लागली होती. त्याच सुमारास जर्मनीतील कोलोन येथे शिकणारा माग्नुस मान्स्के हा जीवशास्त्राचा विद्यार्थी पुढे आला. त्याने खास ज्ञानकोशाच्या गरजा डोळ्यांपुढे ठेवून पीएचपी ह्या भाषेत नवी आज्ञावली लिहिली. तिच्यात मजकूर फायलींत न ठेवता मायएसक्यूएल ह्या डेटाबेसमध्ये ठेवला जाई. लेखाचे पान आणि त्यावरील चर्चेचे पान वेगळे झाले. सदस्याला आपले नाव नोंदविता येऊ लागले, आपल्या आवडीच्या लेखांवर लक्ष ठेवता येऊ लागले, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक आवृत्ती कायमची टिकू लागली. २५ जानेवारी २००२ रोजी इंग्रजी विकिपीडिया ह्या नव्या यंत्रणेवर आला. विकिपीडियाचे जुने कार्यकर्ते अजूनही तो दिवस 'माग्नुस मान्स्के दिन' म्हणून स्मरतात.

परंतु ह्या स्थलांतराची एक खूण पुढे कायमची राहिली. जुन्या फायलींतील मजकूर नव्या डेटाबेसमध्ये उतरविण्याचे काम एका रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीने केले, आणि त्या कामाची नोंद तिच्याच नावावर पडली. आजही इंग्रजी विकिपीडियावरील एखाद्या जुन्या लेखाचा इतिहास उघडून तळाशी जावे, तर २००२ च्या आरंभीच्या नोंदीत कोणा माणसाचे नाव न दिसता 'रूपांतर-आज्ञावली' असे लेखकाचे नाव दिसते. तिच्या मागे ज्यांनी खरोखर लिहिले, त्यांच्यापैकी पुष्कळांचा माग त्या ठिकाणी थांबतो. मजकूर सुखरूप आला. त्याचे कर्ते मात्र वाटेत हरवले. यंत्रणा बदलणाराचा ह्यात दुष्ट हेतू नव्हता. जुन्या घरातच ज्या वस्तू राखल्या नव्हत्या, त्या नव्या घरात कोठून येणार?

नव्या यंत्रणेचे दिवसही फार सुखाचे गेले नाहीत. डेटाबेस आल्यामुळे सोयी वाढल्या, परंतु प्रत्येक सोयीसाठी डेटाबेसला प्रश्न विचारावा लागे, आणि वाचकांची गर्दी वाढली तशी पाने उमटण्यास विलंब लागू लागला. पहिल्या स्थलांतराला सहा महिनेही लोटले नव्हते, तोच दुसऱ्याची निकड भासली. ली डॅनियल क्रॉकर ह्या आज्ञावलीकाराने संपूर्ण आज्ञावली पुन्हा लिहिली, आणि २० जुलै २००२ रोजी विकिपीडिया तिच्यावर आला. मान्स्के ह्याने योजिलेल्या सोयी बहुतांशी तशाच ठेवून आतली बांधणी तेवढी क्रॉकर ह्याने बदलली. त्यामुळे वाचकाला आणि लेखकाला नवे काही शिकावे लागले नाही. २००३ मध्ये ह्या आज्ञावलीला मीडियाविकी असे नाव मिळाले. त्याच वर्षी २० जून रोजी विकिमीडिया प्रतिष्ठानची स्थापना जाहीर झाली होती. त्या काळच्या दोन सर्व्हरांना प्लिनी आणि लारूस ही प्राचीन व अर्वाचीन कोशकारांची नावे दिलेली होती, ह्यावरून ह्या मंडळींना आपण कोणत्या परंपरेत बसतो ह्याची जाणीव होती, असे दिसते.

मराठी विकिपीडियाचा जन्म ह्या तिसऱ्या अवस्थेतला आहे. १ मे २००३, म्हणजे महाराष्ट्र दिन, ही त्याची आरंभतिथी. जगातील सर्व लिपींना एकाच कोष्टकात सामावून घेणाऱ्या युनिकोडचा त्याने प्रथमपासून आश्रय केला. ह्याबाबतीत इंग्रजी विकिपीडिया वस्तुतः मागे होता. पश्चिम युरोपातील अक्षरांपुरती बेतलेली जुनी संकेतपद्धती त्याने धरून ठेवली होती, आणि २००५ मध्ये मीडियाविकीची १.५ ही आवृत्ती आली तेव्हा तो युनिकोडवर आला. त्याच आवृत्तीत डेटाबेसची रचनाही पालटली. आधी चालू मजकूर एका कोष्टकात आणि जुने सारे मजकूर दुसऱ्यात असत, आणि लेखाचे नाव बदलले की त्याच्या प्रत्येक जुन्या नोंदीत जाऊन ते बदलावे लागे. आता पान, त्याच्या आवृत्त्या आणि प्रत्यक्ष मजकूर अशी तीन निराळी कोष्टके झाली.

ह्या वेळी तंत्रज्ञांनी दाखविलेला विवेक लक्षात घेण्यासारखा आहे. जुन्या संकेतपद्धतीत साठविलेल्या असंख्य आवृत्त्या सरसकट पुन्हा लिहून काढण्याचा अट्टाहास त्यांनी धरला नाही. नव्या मजकुरावर 'हा युनिकोडमध्ये आहे' अशी खूण करावी, ज्याच्यावर ती खूण नाही तो जुन्या पद्धतीतला समजावा, आणि तो वाचण्यासाठी काढला जाईल तेव्हा त्याचे रूपांतर करून दाखवावे, अशी योजना त्यांनी केली. मूळ प्रत जशी होती तशी जागेवर राहिली. रूपांतरात चूक निघाली, तर ती सुधारावयास मूळ हाताशी होते. पोथीची नक्कल करून मूळ पोथी नदीत सोडणारा आणि मूळ पोथी जपून तिची शुद्ध प्रत सांगणारा, ह्या दोघांत जो भेद आहे तोच येथे आहे.

मराठी वाचकाला ह्या भेदाचे मोल विशेष कळावे, कारण लिप्यंतराची झळ मराठीला फार लागलेली आहे. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मराठी दैनिके महाजालावर येऊ लागली, तेव्हा देवनागरीसाठी सर्वमान्य संकेत रूढ झालेला नव्हता. ज्याचा त्याचा फाँट निराळा आणि ज्याचे त्याचे कोष्टक निराळे. वाचकाने तो फाँट आपल्या संगणकावर उतरवून घ्यावा, तेव्हा कोठे अक्षरे दिसावयाची. एरवी पडद्यावर रोमन चिन्हांचा गोंधळ. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद अशा ठिकाणी राहून घरबसल्या मराठी वृत्तपत्र वाचू इच्छिणाऱ्या मनुष्याला ही अडचण चांगलीच परिचित होती. पुढे युनिकोड रूढ झाले आणि हा जाच संपला. परंतु जुन्या फाँटांत लिहिलेला जो मजकूर रूपांतरावाचून राहिला, तो असून नसल्यासारखा झाला. शोधयंत्राला तो सापडत नाही, आणि फाँट नसेल तर डोळ्यांना वाचता येत नाही.

रूपांतर केले तरी तेही डोळ्यांत तेल घालून करावे लागते. 'आचाऱ्याला' आणि 'आचार्याला' ही जोडी मराठी व्याकरणकारांनी नेहमी पुढे केलेली आहे. पहिल्या शब्दात स्वयंपाक करणारा आचारी आहे, दुसऱ्यात विद्या देणारा आचार्य. दोहोंतील भेद रकाराच्या आकारावर अवलंबून आहे. पहिल्यातील अर्धा रकार युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. त्यांपैकी एका प्रकारात डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह घालावे लागते. यंत्रणा बदलताना हे अदृश्य चिन्ह निरर्थक समजून जर आज्ञावलीने गाळले, तर आचारी तत्क्षणी आचार्य होतो आणि डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो. नव्या घरात सामान पोचले, संख्या जुळली, एकही पान कमी नाही, असा अहवाल तंत्रज्ञ देईल. परंतु ज्याला भाषा येते त्यानेच ते वाचून पाहिल्याशिवाय ही हानी उघडकीस येणार नाही. इंग्रजीपुरता विचार करून लिहिलेल्या आज्ञावलीकडून ही दक्षता आपोआप घेतली जाईल, असे मानणे धोक्याचे आहे.

हानी केवळ अक्षरांची होते असेही नाही. वाचकांनी बातम्यांचे दुवे द्यावेत आणि त्यांवर मते नोंदवावीत, अशा पद्धतीचे डिग हे अमेरिकन संकेतस्थळ एके काळी फार लोकप्रिय होते. ऑगस्ट २०१० मध्ये त्याच्या चालकांनी चौथी आवृत्ती म्हणून जवळजवळ सर्व नवी यंत्रणा एकदम आणली. साठवणीची व्यवस्था नवी, पानांची मांडणी नवी, आणि जुन्या सदस्यांच्या सवयीच्या कित्येक सोयी काढून टाकलेल्या. आरंभीचे दिवस स्थळ वारंवार बंद पडण्यात गेले. जुन्यावर परत जाण्याची वाट राहिली नव्हती. रुष्ट सदस्य रेडिट ह्या प्रतिस्पर्धी स्थळाकडे वळले, आणि जुलै २०१२ मध्ये डिगचे नाव व स्थळ बीटावर्क्स ह्या कंपनीकडे सुमारे पाच लाख डॉलरांना गेल्याचे प्रसिद्ध झाले. नवे तंत्र वाईट होते म्हणून हे झाले, असे म्हणता येणार नाही. तंत्र बदलणे, सोयी बदलणे आणि सदस्यांशी असलेला जुना करार बदलणे ह्या तीन गोष्टी एकाच दिवशी केल्या, त्याचा हा परिणाम होय.

विकिपीडियाने मात्र पुढच्या स्थित्यंतरांत ह्या तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. २०१४ मध्ये पीएचपी चालविणारे मूळ यंत्र बदलून त्या जागी फेसबुक कंपनीने सिद्ध केलेले एचएचव्हीएम हे अधिक वेगवान यंत्र बसविण्यात आले. ते एका रात्रीत सर्वांवर लादले नाही. प्रथम ज्या सदस्यांनी स्वेच्छेने प्रयोगात भाग घेण्याचे मान्य केले त्यांची पाने नव्या यंत्रावरून पाठविली, दोष आढळले ते दुरुस्त केले, आणि मग हळूहळू सर्व भार त्याच्यावर आणला. केलेला बदल जतन होण्यास लेखकाला जेथे साधारणतः साडेसात सेकंद थांबावे लागे, तेथे अडीच सेकंद पुरू लागले. पुढे २०१७ मध्ये एचएचव्हीएमच्या कर्त्यांनी पीएचपीची साथ सोडण्याचे जाहीर केले. तोपर्यंत मूळ पीएचपीही पुष्कळ वेगवान झाली होती. तेव्हा २०१९ मध्ये विकिपीडिया तितक्याच सावधपणे पुन्हा मूळ पीएचपीच्या नव्या आवृत्तीवर परतला. नवे ते पुढचे आणि जुने ते मागचे, ही समजूत ह्या प्रसंगी टिकली नाही. वाचकाला तर ह्या जाण्यायेण्याचा पत्ताही लागला नाही.

२०२० मध्ये वाचकाच्या पडद्यावर चालणाऱ्या भागासाठी नवी चौकट निवडण्याचा प्रश्न पुढे आला. अशा तयार चौकटीला, जिच्या आधाराने पानाचे निरनिराळे भाग बांधावयाचे, संगणकाच्या परिभाषेत फ्रेमवर्क म्हणतात. चर्चेअंती इव्हान यू ह्यांनी निर्माण केलेली व्ह्यू ही चौकट पसंत करण्यात आली. येथेही सारे घर पाडून बांधावयास काढले नाही. प्रथम एक शोधपेटी तेवढी नव्या चौकटीत बांधली. नव्या मांडणीसह ती काही भाषांच्या विकिपीडियांवर आधी चालवून पाहिली, आणि १८ जानेवारी २०२३ रोजी ती मांडणी इंग्रजी विकिपीडियाची नेहमीची मांडणी झाली. ज्याला जुनी मांडणी हवी त्याला ती निवडण्याची मुभा ठेवली. ज्या वाचकाच्या जुन्या संगणकावर ही नवी चौकट चालतच नाही, त्यालाही लेखाचा मजकूर वाचता यावा, हा दंडक कायम राहिला. देवनागरी टंकलेखनाची सोयही अशीच टप्प्याटप्प्याने आली. २०११ मध्ये ती विकिपीडियाच्या पानातच मिळू लागली आणि पुढे सर्व भाषांच्या एकत्रित निवडसोयीत समाविष्ट झाली. ज्याच्या संगणकात मराठी कळफलक नाही, त्यालाही त्यामुळे मराठीत लिहिता येऊ लागले.

ह्या सर्व इतिहासात एक सुखद प्रकरण उरते. पहिल्या यंत्रणेने फेकून दिलेला २००१ मधील लेखनाचा इतिहास कायमचा गेला, असेच जवळजवळ दहा वर्षे सर्वजण धरून चालले होते. डिसेंबर २०१० मध्ये टिम स्टारलिंग ह्या ऑस्ट्रेलियन आज्ञावलीकाराला जुन्या फायली चाळताना त्या काळातील साठ्याच्या प्रती सापडल्या. १५ जानेवारी ते १७ ऑगस्ट २००१ ह्या सात महिन्यांतील संपादने त्यांत होती. विकिपीडियाच्या दहाव्या वाढदिवसाला अवघा महिना उरला असताना त्याचे बालपण असे परत हाती आले. ज्यांची नावे गळली होती, त्यांपैकी पुष्कळांना आपल्या श्रमांचे श्रेय पुन्हा मिळाले. परंतु ह्या योगायोगाचे श्रेय एका दुर्लक्षित राहिलेल्या प्रतीला आहे, यंत्रणेला नाही. कोणी तरी एके दिवशी नक्कल करून ठेवली होती आणि ती पुसून टाकण्याचे कोणाला सुचले नव्हते, म्हणूनच हे घडले.

आज विकिपीडियाच्या सर्व भाषांतील मजकूर त्याच्या इतिहासासह ठरावीक काळाने एकत्र बांधून कोणालाही उतरवून घेण्यासाठी खुला ठेवला जातो. मराठी विकिपीडियाचाही त्यात समावेश आहे. पूर्वी जे योगायोगाने बचावले, ते आता नियमाने बचावावे, असा त्याचा हेतू आहे. सार्वजनिक ग्रंथालये, साहित्यसंस्था, वृत्तपत्रे आणि शिक्षणसंस्था ह्यांनी गेल्या पंचवीस वर्षांत मराठीतील पुष्कळ धन संकेतस्थळांवर नेऊन ठेवले आहे, आणि त्या प्रत्येकीवर आज ना उद्या यंत्रणा बदलण्याची वेळ येणारच आहे. त्या वेळी नव्या चौकटीची निवड तंत्रज्ञांनी करावी, हे योग्यच होय. परंतु जुन्याची पूर्ण प्रत आधी काढून ती निराळ्या जागी ठेवणे, जुन्या पत्त्यांवरून येणाऱ्या वाचकाला नव्या पानापर्यंत पोचविणे, लेखकांची नावे आणि तारखा मजकुराबरोबर नेणे, आणि मराठी जाणणाऱ्याने रूपांतरित पाने वाचून पाहणे, ही कामे संस्थेची आहेत. ती कोणत्याही चौकटीत आयती मिळत नाहीत, आणि ती करण्याची वेळ जुने स्थळ बंद करण्याच्या आधीची असते, नंतरची नव्हे.